ओळीतली चौथी जागा

बर्फावरची घसरगाडी न्यायला आलात होय? न्या की. दाराच्या मागे उभी आहे, दोर तेवढा नवा बांधून घ्या. पण बाहेर मिट्ट अंधार पडलाय आणि कॉफी आत्ताच टाकलीय, तेव्हा जरा टेका. कोल्बी, तू त्या डब्यावर बस. हंसांच्या शिकारीचा आपल्या चौघांचा बेत कागदावर मांडलाय ना? दाखव बरं. ओळीत कोण कुठे पडणार, नकली हंस किती, ट्रक कोणाचा... झकास. आणि तारीख? अठ्ठावीस मार्च, शनिवार. बरं.

या घसरगाडीची एक गोष्ट आहे. माझ्या ओळखीच्या माणसाची, ऐकीव नाही. गाडी मूळची माझी नव्हेच. ऑरिनची.

ऑरिनला तुम्ही पाहिलेलं नाही. चौऱ्याहत्तरचा होता, बायको गेलेली, मूलबाळ नाही. वर्षात त्याला एकच सण, वसंतातली हंसांची शिकार. जानेवारीत हंस अजून खाली दक्षिणेत, आर्कान्सासच्या भातशेतात चरत असायचे आणि हा फोन करून विचारायचा, "निघाले का रे?" आम्ही चौघं. व्हर्न आमचा म्होरक्या, मग ड्वेन, मी आणि ऑरिन. बर्फात लपून पडायचे आमचे पांढरे झगे त्याच्या बायकोनं पलंगपोस फाडून शिवलेले. ती गेल्यावर तोच दरसाल ते धुऊन, घडी करून ठेवायचा.

त्याचं एकच वाईट होतं. खोकला.

तुम्हाला माहीत आहे, दहा हजार हंस डोक्यावर घिरट्या घालत उतरायला लागतात, तेव्हा श्वाससुद्धा चोरून घ्यावा लागतो. नेमका तेव्हाच ऑरिन खोकायचा. अख्खा थवा वळून पसार. म्हणून व्हर्न त्याला आपल्या उजव्या हाताला, ओळीच्या टोकाला झोपवायचा. खोकला आला की बरगडीत कोपर.

"हंसांपायी बरगड्याही देईन मी," ऑरिन म्हणायचा आणि हसायचा. हसता हसता पुन्हा खोकायचा.

दोन हजार तेराच्या फेब्रुवारीत आम्ही तिघं व्हर्नच्या गॅरेजमध्ये बेत करायला बसलो. व्हर्ननं कागदावर ओळ काढली. तीनच रेघा.

मी म्हटलं, "ऑरिन?"

"त्याला तेवीस मार्च सांग," व्हर्न म्हणाला. "आपण सोळाला जाऊन येऊ. नंतर म्हणू, हंस आधीच आले, काय करणार."

ड्वेन म्हणाला, "पण नकली हंस ओढायला घसरगाडी त्याचीच लागेल."

"मग घेऊन ये ना," व्हर्न मला म्हणाला. "त्याच खेपेत तारीखही सांगून टाक."

दोघं पोट धरून हसले. मीही हसलो. खोटं कशाला सांगू.

ऑरिननं घसरगाडी पुसून दिली. वर चार झगे, मुरवलेल्या अंड्यांची बरणी. मी त्याला व्हर्ननं पढवलेलं सगळं सांगितलं. तेवीसला पहाटे चारला थेट शेतावर ये, आम्ही आधीच जाऊन सगळं मांडून पडलेलो असू. दिवा लावू नकोस, हाक मारू नकोस, शेजारच्या तळ्यावर हंस झोपलेले असतील. आपल्या जागेवर पड. आणि व्हर्न ‘उठा’ म्हणेपर्यंत हलायचं नाही.

"या खेपेला नाही हलणार," तो म्हणाला. "खोकल्याचं औषधही आणलंय बघ." त्यानं बाटली दाखवली. चारांतला त्याचा झगा त्यानं ठेवून घेतला आणि बाकीचे तीन माझ्या हातात दिले.

सोळाला आम्ही तीनशे हंस मारले. उत्तम शिकार झाली.

तेवीसच्या पहाटे मला जाग आली ती वाऱ्यानं. वादळ. डकोटातलं मार्चचं वादळ, खिडकीबाहेर हात लांबवला तर बोटं दिसेनात. मी व्हर्नला फोन केला. म्हटलं, म्हातारा तिकडे गेला असेल.

"तो काय वेडा आहे?" व्हर्न म्हणाला. "कोणी नाही बघून घरी जाईल. झोप."

मी झोपलो. हे मी अजून विसरलेलो नाही, पोरांनो. पांघरूण ओढलं आणि झोपलो.

सोमवारी शेतमालकाचा फोन आला. ऑरिन सापडला होता. आपल्या जागेवर. अंधारात बर्फाचे उंचवटे बघून आम्हीच पडलोय असं त्याला वाटलं असणार, आणि उजाडल्यावर तर काही दिसायचा प्रश्नच नव्हता. सरळ उताणा, झग्याचं टोपडं डोळ्यांवर, बंदूक कुशीत. एक पाऊलही हलला नव्हता. रात्री हंस त्याच्याभोवती येऊन झोपले होते. त्याच्या छातीवर त्यांची घाण होती. औषधाची बाटली रिकामी.

दफनाच्या दिवशी व्हर्न माझ्या कानात म्हणाला, "आयुष्यात पहिल्यांदा धड पडून राहिला, आणि हंसही उतरले बघ." आणि घसरगाडी मागायला आता कोणी नाही म्हणून ती माझ्याकडेच राहिली.

पुढच्या वर्षी, दोन हजार चौदा, बावीस मार्च, शनिवार. तेच शेत. साडेचारपर्यंत नकली हंस म्हणून हजारभर पांढऱ्या पिशव्या काड्यांवर खोचून झाल्या. आम्ही ओळीनं पडलो. डावीकडे मी, मग ड्वेन, मग व्हर्न. व्हर्नच्या उजवीकडे मोकळी जमीन. बर्फ पडायला लागला, हलका, वारा नसलेला. अशी शांतता की पिशव्याही फुगेनात.

पाचच्या सुमाराला कोणीतरी खोकलं.

"ड्वेन," व्हर्न कुजबुजला, "तोंड दाब."

"मी नाही."

"मग तू?"

मी म्हटलं, "नाही."

मग पुन्हा. ओला, छातीतला खोकला. उजवीकडून.

व्हर्नचं कोपर सवयीनं उजवीकडे गेलं. मला झग्याचा आवाज ऐकू आला. मग व्हर्न अगदी हळू म्हणाला,

"...याला बरगड्या आहेत."

ड्वेननं माझा हात घट्ट पकडला.

मी मान वर केली. इंचभर. फटफटायला लागलं होतं. ओळीत पांढरे उंचवटे दिसत होते. माझे पाय. ड्वेन. व्हर्न.

आणि आणखी एक.

सरळ उताणा.

तेवढ्यात हंस आले. किती होते ते विचारू नका, आभाळ दिसेना. घिरट्या घालत उतरले. खोकला चालूच होता, आणि एकही हंस बुजला नाही. आमच्या अंगाखांद्यावर उतरले. एक माझ्या गुडघ्यावर बसला.

व्हर्न ‘उठा’ म्हणेना.

ड्वेन रडवेला झाला होता. "बोल ना, व्हर्न. बोल, म्हणजे आपण उठू."

"आणि तो?" व्हर्न म्हणाला.

...

मला तेव्हा समजलं. तो शब्दाची वाट बघत होता. वर्षभर. व्हर्न ‘उठा’ म्हणाला की तोही उठणार.

म्हणून व्हर्न गप्प. आम्ही गप्प. बर्फ पडतोय. सहा वाजले असतील. सात. आठ. पाय गेले. हात गेले. ड्वेनच्या डाव्या पायाची दोन बोटं त्याच दिवशी गेली, लंगडतो ना तो, ते त्यामुळे. कोणी उठलं नाही. कोणाची छातीच झाली नाही.

मग शब्द आला.

"उठा."

सगळे हंस एकदम उठले. पांढरं. नुसतं पांढरं. मी आणि ड्वेन धडपडत उभे राहिलो.

व्हर्न उठला नाही. डोळे उघडे होते आणि त्यांत पडलेला बर्फ वितळत नव्हता. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. आणि हेही म्हणाले की तो शब्द आला तेव्हा त्याला जाऊन दोन तास तरी झाले होते.

व्हर्नचा आवाज मी तीस वर्षं ऐकलाय. तो आवाज त्याचा नव्हता. त्या शब्दामागून एक खोकला आला होता.

आता शेवटचं. व्हर्नच्या उजवीकडे कोणी नव्हतं. सगळ्या शेतावर वीतभर ताजा बर्फ, आणि तिथे मात्र माणसाच्या लांबीचा एक पट्टा कोरडा होता. मक्याची खुंटं दबलेली. येणारं पाऊल नाही, जाणारं नाही. मी हातमोजा काढून जमिनीवर हात ठेवला.

ऊब होती.

असो. कॉफी गार झाली तुमची. प्यायलात नाही कोणीच. घसरगाडी न्या, मी कुठे नको म्हणतोय? हा खोकला? डिसेंबरपासून आहे, जात नाही. कोल्बी, तुझा कागद घे. तीनच रेघा आहेत त्यावर, मी मघाशीच पाहिल्या.

अठ्ठावीस मार्च म्हणालास ना? नक्की?

...

बरं. मी येईन. दिवा लावणार नाही, हाक मारणार नाही. ओळीच्या टोकाला पडून राहीन, तुमच्यातला कोणी ‘उठा’ म्हणेपर्यंत.