जवारीचा दोरा

अलीनाच्या कानामागची पट्टी टिकलीएवढी होती. नाडी आणि त्वचेचा ओलावा वाचून ती मनातली ओढ शंभरात मोजायची. मिरजेच्या त्या उपचारकेंद्रात आता सगळ्याच स्वमग्न मुलांना ती लावत. ओढ चढलेली असताना शिकवलेला शब्द रुजतो, हे पूर्वीपासून ठाऊक होतं; तो क्षण नेमका कधी येतो, ते आता दिसू लागलं होतं.

आठ वर्षांच्या अलीनाचा आकडा मात्र हलत नव्हता. चॉकलेटला बारा. साबणाच्या फुग्यांना पंधरा, दुसऱ्या दिवशी नऊ. तीन महिन्यांत तिने काहीच मागितलं नव्हतं.

"घरी काय मागते?" वाचा-उपचारक वैदेही मगदूमने तिच्या वडिलांना विचारलं.

"मागायची वेळच येऊ देत नाही मी," इक्बालभाई म्हणाले. "तोंड बघून कळतं. पाणी, चपाती, सगळं आधीच हजर."

वैदेही त्यांच्या तंबोऱ्यांच्या कारखान्यात गेली. इक्बालभाई जवारी लावत होते. तारा जिच्यावरून जातात त्या घोडीवर तारेखाली सुताचा बारीक दोरा सरकवला, की मुकी तार गुंजायला लागायची. अलीना तंबोऱ्याच्या भोपळ्याला गाल टेकून बसली. वैदेहीच्या हातातल्या पडद्यावर आकडा चढत गेला. चाळीस. सत्तर. एक्क्याण्णव.

"दोरा काढा," ती हळूच म्हणाली. "आणि तिच्याकडे बघत थांबा."

तार मुकी झाली. अलीनाने वडिलांचं मनगट ओढलं.

"दोरा," वैदेही स्पष्ट म्हणाली.

अलीना कण्हली. इक्बालभाईंचा हात आपोआप पुढे गेला. "लेकराला कशाला छळायचं, मॅडम?"

"पाचच सेकंद. रडायला लागली तर लगेच द्या."

त्यांनी हात मांडीखाली दाबून धरला. अलीनाने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ओठ हलले.

"दो... रा."

इक्बालभाईंनी लगेच दोरा सरकवला. तार गुंजली आणि अलीना खुदकन हसली.

महिनाभरात ती पाणी मागू लागली, झोका मागू लागली. मग एका सकाळी इक्बालभाई एकटेच केंद्रात आले.

"काल तिने अम्मी मागितली."

अलीनाची आई जाऊन दोन वर्षं झाली होती.

"मला वाटायचं, हिला कळलंच नसेल," ते म्हणाले. "अम्मी आता येणार नाही, असं पहिल्यांदाच तोंडाने सांगितलं तिला. रडली. मग मांडीवर येऊन बसली आणि म्हणाली, 'अम्मी सांग.' तासभर सांगत होतो." त्यांनी डोळे पुसले. "मॅडम, तिचं अजून काय काय विचारायचं राहिलं असेल?"