कोणाचं बोट टोचलं?

पवनीहून लाखांदूरला निघालेल्या एसटीत कामिनीने डबा उघडण्याआधी बाही वर सरकवली, इन्सुलिनचं पेन काढलं आणि दंडात टोचून घेतलं. बाजूला बसलेला तरुण दचकलाच.

"मॅडम... हे इन्सुलिन आहे ना?"

"नाही जी. शाईचं पेन आहे. दंडावर नाव लिहून राहिली."

"तसं नाही... पण तुमच्या वयात? कोणत्या डॉक्टरनं सुरू केलं? आधी गोळ्या घेऊन पाहायच्या ना. गोड बंद करायचं, सकाळी फिराले जायचं—"

कामिनीचा घास हातातच राहिला. अकराव्या वर्षी तिला हा आजार झाला, त्याला आता सतरा वर्षं होत आली. लहानपणी होणाऱ्या या मधुमेहात शरीर इन्सुलिन बनवतच नाही. गोळ्यांचा काही उपयोग नसतो, टोचून घ्यावंच लागतं. आसगावच्या शेजारणींना, मावश्यांना, तिला पाहायला येऊन आल्या पावली परत गेलेल्या दोन घरांना हे सांगून सांगून ती थकली होती.

"तुम्ही काय करता जी?" तिने विचारलं.

"मी डॉक्टर आहो. कुलदीप." तो हसला, आणि गालाला खळी पडली.

कामिनीने खिडकीबाहेर पाहिलं. धान कापणीला आलं होतं. डॉक्टर असून हे अज्ञान, त्यात हसणं इतकं गोड... माणसाने चिडावं तरी कसं! ती तरीही चिडली.

तासाभराने लाखांदूरच्या दवाखान्याच्या सभागृहात ती फळ्यासमोर उभी राहिली, तेव्हा पहिल्याच रांगेत तो बसला होता. तिला पाहून त्याचा चेहरा उतरला.

"मी कामिनी," ती म्हणाली. "साखरेचा आजार असलेल्या लेकरांना कसं सांभाळायचं, हे शिकवायले आली. काही जणांना एसटीतच पहिला धडा भेटला."

आजूबाजूच्या गावांत अशी अकरा लेकरं होती; त्यांच्या साखरेच्या आकड्यांच्या वह्या कामिनीच पाहायची. दर महिन्याला त्यांचे आईबाप मजुरी बुडवून नागपूर गाठत. इथे लेकरांना सोपवता येईल असा एक डॉक्टर तयार झाला, तर इथेच या लेकरांचा वेगळा दवाखाना सुरू होणार होता. समोर बसलेल्या बारा डॉक्टरांतून कामिनीला फक्त एक हवा होता.

तिने सगळ्यांना काम दिलं. तीन दिवस आजारी लेकरासारखं जगायचं. दिवसातून चारदा स्वतःचं बोट टोचून साखर तपासायची, मिठाच्या पाण्याची सुई घ्यायची, घड्याळ पाहून जेवायचं आणि प्रत्येक आकडा वहीत लिहायचा.

चौथ्या दिवशी वह्या आल्या. कुलदीपची वही सगळ्यांत देखणी. अठ्ठ्याण्णव, एकशे चार, एकशे दहा... तपासणीच्या यंत्रातही तेच आकडे. पण काल संध्याकाळी पाच वाजताचा आकडा पाहून कामिनी थबकली. काल पाच वाजता हा माणूस दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत जिलेबी खाताना तिने डोळ्यांनी पाहिला होता, आणि त्याच्याजवळ ना यंत्र होतं ना सुई.

"हात दाखवा."

त्याने दोन्ही हात पुढे केले. तिने एकेक बोट उजेडाकडे धरून पाहिलं. एका बोटावर जुना बारीक ठिपका होता. बाकीची नऊ बोटं लोण्यासारखी.

"हे रक्त कोणाचं आहे जी?"

"...विनोदचं."

"विनोद कोण?"

"आमचा कंपाउंडर."

सभागृह हसलं. कामिनी हसली नाही.

"काहून पण?"

"पहिल्याच दिवशी लय दुखलं. मग वाटलं, वही रिकामी दिसली तर तुम्ही रागवसान. तुमचा राग पाहाले बरा वाटते मॅडम... पण सगळ्यांसमोर नको वाटला."

"नापास," कामिनी म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं, की त्याचा हात अजून तिच्याच हातात आहे. तिने तो असा सोडला, जसं तापलेलं भांडं सोडतात.

दुपारी दिघोरीची गुंजन आली. वय नऊ वर्षं, सोबत आजी आनंदाबाई. गुंजन म्हणजे त्या अकरा लेकरांतली कामिनीची सगळ्यांत गुणी पोरगी. वहीतला प्रत्येक आकडा शंभर-सव्वाशेच्या आसपास, यंत्रातही तेच. पण दोन महिन्यांत पोरगी वाळून काडी झाली होती. सारखी तहान, रात्रीतून चारदा लघवी. असंच चाललं तर एखाद्या दिवशी ती शुद्ध हरपून पडेल, ही भीती कामिनीला झोपू देत नव्हती.

"आकडे सगळे चांगले, मग पोट्टी वाळते काहून?" ती डॉक्टरांपुढे वैतागून म्हणाली. "सांगा कोणी!"

बाकीच्यांनी पुन्हा आकडेच वाचले. कुलदीप मात्र गुंजनची वही उलटून-पालटून पाहत होता.

"मॅडम, मी बोलू का तिच्याशी? नापास आहो, पण बोलू?"

उत्तराची वाट न पाहता तो गुंजनसमोर खाली फरशीवर बसला.

"गुंजन, मी आज नापास झालो."

"डॉक्टर पण नापास होते?"

"सगळ्यांसमोर. या मॅडमनं केलं. मी माह्या बोटाऐवजी विनोदचं बोट टोचलं होतं." त्याने आवाज खाली आणला. "तू कोणाचं टोचलं?"

गुंजनने कामिनीकडे पाहिलं आणि झटकन मान खाली घातली.

"...आजीचं."

कामिनीने कुलदीपच्या हातातली वही ओढून घेतली.

"मंग काय करावं बाई?" आनंदाबाई म्हणाली. "मागं एकदा साडेतीनशे आला, तं तुम्ही केवढ्या बोल्ल्या तिले! दोन दिवस धड जेवली नाही लेकरू. म्हटलं, माह्या म्हाताऱ्या कातड्याले काय होते? टोच माह्यं बोट."

खरं होतं. कामिनी बोलली होती, ती पोटातल्या भीतीमुळे. पण नऊ वर्षांच्या पोरीला त्यातली भीती कशी दिसणार? तिला दिसला तो फक्त राग. बारा जणांना शिकवायला निघालेल्या बाईला हे एका नापास डॉक्टरने दाखवावं... तिला त्याचा राग आला, स्वतःचा आला, आणि रडूही आलं.

गुंजनने आपणहून बोट पुढे केलं. यंत्रावर तीनशे शहाऐंशी दिसलं. ती पुन्हा आक्रसली.

"शाब्बास!" कुलदीप म्हणाला. "खरा आकडा आला. आता औषध किती द्यायचं ते आम्हाले समजते."

नागपूरच्या तज्ज्ञांना फोन लावून त्याने लघवी तपासली, मात्रा ठरवली आणि साखर उतरेपर्यंत दर तासाला आकडा पाहिला. संध्याकाळी गुंजन आजीशी भांडू लागली, तेव्हा कामिनीचा श्वास मोकळा झाला.

लेकरांच्या दवाखान्यासाठी तिने नापास डॉक्टरचंच नाव लिहिलं.

दर गुरुवारी लाखांदूरला लेकरांचा दवाखाना भरू लागला. दर गुरुवारी दोघांचं भांडणही होई. तो वेळेवर यायचा नाही, कागद हरवायचा, लेकरांबरोबर गोट्या खेळायचा. पण लेकरं त्याला चारशेचा आकडासुद्धा हसत सांगत. कामिनी मात्र दर बुधवारी रात्री उद्याचा ड्रेस काढून ठेवू लागली होती... आणि या गोष्टीवरही ती स्वतःवर चिडत होती.

फाल्गुनात एका गुरुवारी लेकरं गेल्यावर तो टेबलाशी घुटमळला.

"आईले सांगितलं मी."

"काय सांगितलं?"

"तुमच्याबद्दल. म्हटलं, मले कामिनी... म्हणजे, तुम्ही मले..."

"डॉक्टर, सरळ बोला! माही बस आहे."

"लग्न करायचं आहे तुमच्याशी. हे सरळ आहे ना?"

कामिनीने हातातल्या पेनाला टोपण लावलं.

"आजाराचं सांगितलं?"

"सगळं सांगितलं. टोचणं, जेवणाच्या वेळा, तुमचा राग."

"दोन घरं परत गेली माह्या घरून," ती हळूच म्हणाली. "तिसरं गेलं तर... मी चिडते म्हणून लोकांना वाटते, मले काही लागत नाही. लागते."

तो पहिल्यांदाच हसला नाही.

"मी रोज चिडीन," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"आन तुम्ही खोटं बोलसान."

"बोलीन कधी कधी... पण दिवस मावळायच्या आत सांगून टाकीन."

"रविवारी आणा आईले," कामिनी उठत म्हणाली. "साडेबाराच्या आत. त्या वेळेले मी जेवते. कोणासाठी थांबत नाही."

रविवारी साडेबारा वाजून गेले. भात निवला. तिची आई ताराबाई चार वेळा रस्त्यापर्यंत जाऊन आली. कामिनी दारात उभी राहून काय काय बोलायचं ते मनात जुळवत होती, तेवढ्यात फाटकाशी मोटारसायकल थांबली. मागून एक ठेंगणी बाई पदर सावरत उतरली. ना नमस्कार, ना ओळख. अंगणातूनच ओरडली—

"पोरी, जेवली का तू? हा माह्या पोराचा घोळ आहे, आमची वाट पाहू नोको. तू बस आधी!"

मनात जुळवलेलं सगळं तिथेच विरलं. कामिनीने फक्त नकारार्थी मान हलवली आणि डोळे पुसत पानं वाढायला वळली. चार पानं.