न लागलेला ठसका

दुपार होती. लख्ख दुपार. एक वाजून वीस मिनिटं.

हे आधीच सांगते, कारण भुतं रात्री येतात असं म्हणणाऱ्यांनी आयसीयूत काम केलेलं नसतं. तिथे दिवे बंद होत नाहीत. तिथे रात्र नसतेच.

मी तिथे बारा वर्षं सिस्टर आहे. जे झालं ते माझ्या डोळ्यांदेखत झालं. त्यातलं अर्धं मी केलं.

खोटं वाटलं तर वाटू द्या. पण शेवटपर्यंत वाचा आणि मग झोपा.

बेड नंबर चार. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाई. शाळेत हेडमास्तरीण होत्या, म्हणून आम्ही सगळ्या त्यांना हेडबाई म्हणायचो. अर्धांगाचा झटका आलेला. चार दिवस श्वासाच्या मशीनवर होत्या. नळी काढून दोन दिवस झाले होते.

आवाज परत आला आणि पहिलं काय केलं असेल? भरवताना बोलत राहणाऱ्या आमच्या मावशींना झापलं. मावशी म्हणजे वॉर्डातल्या आया.

"तोंडात घास असताना बोलू नये. कितवीत आहेस?"

मावशी म्हणाल्या, "बाई, मी नापासच आहे. तुम्ही खा."

बाई हसल्या. अर्ध्या तोंडाने. दुसरं अर्धं तोंड हलत नव्हतं.

तेच महत्त्वाचं. बाईंचा अर्धा घसाही हलत नव्हता.

गिळायला शिकवणारी थेरपिस्ट येऊन गेली होती. तिने बेडच्या डोक्याशी कागद चिकटवला. मोठ्या अक्षरात.

डोकं वर. छोटा चमचा. गिळू द्या. थांबा. मग दुसरा.
जेवणानंतर अर्धा तास बसवून ठेवा. आडवं करू नका.

पाच ओळीसुद्धा नाहीत. लहान मुलाला कळतील.

आता त्या मंगळवारची गोष्ट. ती मी तीनदा सांगणार आहे. कारण ती तीनदा सांगितली गेली.

*

चार्टवर अशी आहे:

१२:३० — तोंडाने आहार. भोपळ्याचं सूप. डोकं वर ✓
१:०० — बसवून ठेवलं ✓
१:३० — त्रास नाही ✓

या तिन्ही खुणा मी सकाळी आठ वाजता केल्या होत्या.

हो. सकाळी आठ.

आमच्याकडे सगळ्या तसंच करतात. ड्युटीवर आलं की दिवसभराच्या खुणा आधी करून टाकायच्या, म्हणजे नंतर धावपळीत राहून जात नाहीत. याला आम्ही चार्ट आवरून ठेवणं म्हणतो. भांडी आवरावीत तसं.

*

मी आमच्या इन्चार्ज मॅडमना सांगितली ती अशी:

"सगळं नेहमीसारखं झालं, मॅडम."

*

आणि झाली ती अशी.

जेवणाची गाडी उशिरा आली. साडेबाराची गाडी, एक वाजून बारा मिनिटांनी. माझ्याकडे चार पेशंट. आणि दीडला मोठ्या साहेबांचा राउंड.

साहेबांच्या राउंडला सगळे बेड सपाट लागतात. त्यांना पोट तपासायला बरं पडतं. आणि ओळीत दिसतात.

मावशी नेहमी म्हणायच्या, "या वॉर्डात पेशंटला गिळायला वेळ नाही आणि आपल्याला चावायला."

मी भरवत सुटले. एक चमचा. दुसरा. तिसरा. थांबा, असं कागदावर लिहिलं होतं. मी थांबले नाही. बाई माझ्याकडे बघत होत्या. तोंड उघडत होत्या. शहाण्या मुलीसारख्या.

सातव्या चमच्याला मी विचारलं, "बाई, ठीक ना?"

"हो..."

तो आवाज ओला होता.

पाण्याखालून आल्यासारखा. घशात काहीतरी बुडबुडत असल्यासारखा.

नवीन मुलीला कळलं नसतं. मला कळलं. आवाज ओला झाला म्हणजे घास अन्ननलिका सोडून श्वासनलिकेकडे गेला. तिथेच थांबायचं. सक्शनने ओढून काढायचं. डॉक्टरांना सांगायचं.

तेवढ्यात दारातून वॉर्डबॉय मामा ओरडले, "सिस्टर, साहेब लिफ्टमध्ये चढले!"

आणि मी बटण दाबलं. एक वाजून वीस मिनिटांनी.

बेड खाली गेला. हळूहळू. घूं... करत.

बाई छताकडे बघत राहिल्या.

तुमच्या-आमच्या घशात एक शीत आडवं गेलं तर केवढा ठसका लागतो. डोळ्यांतून पाणी येतं. घरचे पाठीवर थापट्या मारतात. तो ठसका म्हणजे शरीराची आरोळी.

बाईंना ठसका लागला नाही.

झटक्याने तोही लुळा झाला होता.

काहीच आवाज आला नाही...

साहेब आले. पोट दाबलं. "छान," म्हणाले. पुढे गेले.

संध्याकाळी ताप. दुसऱ्या दिवशी एक्स-रेत उजवं फुप्फुस खालून पांढरं. शनिवारी बाई गेल्या.

दाखल्यावर न्यूमोनिया. बाहेर बाकड्यावर बाईंची लेक बसली होती. तिला साहेब म्हणाले, "वय झालं होतं त्यांचं."

वय! वयाने सूप फुप्फुसात ओतलं का?

इन्चार्ज मॅडम मला म्हणाल्या, "खूण आहे ना चार्टवर? मग झालं. तू कशाला बोलतेस? चार्ट बोलतो."

मी चार्ट परत जागेवर अडकवला.

तुम्ही भुताची वाट बघत असाल. ते अजून आलेलं नाही. इथवरचं सगळं माणसांनी केलं.

*

रविवारी बेड चारवर नवीन पेशंट आला. एक म्हातारे शिंपी. आम्ही शिंपीकाका म्हणायला लागलो. आजार वेगळा, घसा तसाच. थेरपिस्टने कागद बदललासुद्धा नाही. "तोच चालेल," म्हणाली.

बुधवारी दुपारी मी त्यांना भरवत होते. या वेळी हळू. दोन चमचे झाले. तिसऱ्याला काकांनी तोंड मिटलं.

"काका, आ करा."

ते माझ्याकडे बघत नव्हते. मान वळवून जरा बाजूला... उशीकडे... बघत होते. त्यांच्या स्वतःच्या उशीकडे.

"आधी त्यांचं होऊ दे," ते म्हणाले.

"कोणाचं?"

"त्यांचा घास अजून घशातच आहे."

आयसीयूत पेशंट भ्रमिष्टासारखं बोलतात. रोजचं आहे. मी चार्टवर लिहिलं, रुग्ण गोंधळलेला.

वेळ टाकायला वर बघितलं.

घड्याळात एक वीस झाले होते.

गुरुवारी मी तीन नंबरच्या आजोबांचं सलाइन बघत होते. शिंपीकाका माझ्या पाठीमागे, झोपलेले. मी आजोबांना सहज विचारलं,

"ठीक ना?"

"हो..."

उत्तर मागून आलं.

बाईचा आवाज होता. ओला...

मी वळले. काका गाढ झोपेत. तोंड बंद. मॉनिटर शांत.

मावशी दारात उभ्या. हातातली बादली खाली ठेवायची विसरलेल्या.

"सिस्टर," त्या हळूच म्हणाल्या, "त्या दिवशी बाईंना काय झालं होतं हो?"

मी म्हणाले, "कामं करा तुमची."

मला त्यांचा राग आला नव्हता. माझाच आला होता. पण तो काढायला मावशी बऱ्या सापडतात.

*

शनिवार. त्या मंगळवारपासून अकरावा दिवस.

गाडी पुन्हा उशिरा. एक दहा. काकांना मी कुस्करलेला बटाटा भरवला. पूर्ण बसवून. चमच्याचमच्याला थांबून. संपला तेव्हा एक एकोणीस झाले होते.

आणि साहेब त्या दिवशी लवकर आले.

मागे इन्चार्ज मॅडम, दोन शिकाऊ डॉक्टर. मॅडम म्हणाल्या, "अगं, चार अजून वर का? सपाट कर."

"आत्ताच जेवलेत, मॅडम. अर्धा तास बसवायचंय."

"राउंड आहे ना?"

"म्हणूनच म्हणते. नंतर बघा त्यांना."

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "सिस्टर, आता तुम्ही मला शिकवणार?"

मला म्हणायचं होतं, हो. मला म्हणायचं होतं, याच बेडवर, याच बटणाने...

माझ्या तोंडातून निघालं, "नाही, सर, पण..."

त्यांनी स्वतः बटण दाबलं.

घूं...

काका खाली जायला लागले. त्यांनी माझी बाही धरली. घट्ट. शिंप्याची बोटं. डोळे सांगत होते ते मला कळत होतं, आणि मी नुसती उभी होते. पुन्हा.

मग...

ठसका.

साधा नाही. बरगड्या मोडतील असा. तळापासून उपसून आलेला. भांड्याला भांडं आपटावं तसा कोरडा, आणि आत पाणी.

सगळ्यांनी ऐकला. एक शिकाऊ डॉक्टर दोन पावलं मागे सरकला.

काकांचे ओठ मिटलेले होते. छाती हलत नव्हती.

पुन्हा ठसका. त्याच उशीतून.

बेड थांबला. साहेब बटण दाबत होते. दाबतच होते. बेड अर्ध्यावर थांबला... आणि वर यायला लागला.

तेवढ्यात भिंतीवरची सक्शनची बाटली गुरगुरली. मशीन बंद होतं. नळी हुकाला टांगलेली होती, कोणाच्याही तोंडात नव्हती. तरी नळीतून काहीतरी सरकत बाटलीत पडायला लागलं.

पिवळसर. दाट.

एक चमचा. थांबा. मग दुसरा...

मी मोजले. सात.

काकांनी बटाटा खाल्ला होता. बाटलीत भोपळ्याचं सूप होतं.

साहेब म्हणाले, "बाटली बदलली नव्हती वाटतं."

मावशी पुढे झाल्या. बारा वर्षांत मी त्यांना साहेबांशी बोलताना बघितलं नव्हतं.

"साहेब, ती बाटली सकाळी मी धुतली. या हातांनी. वास घ्या हवं तर."

त्यांनी खरंच हात पुढे केला. साहेबांनी घेतला नाही.

काकांचा एक्स-रे काढला. दोन्ही फुप्फुसं स्वच्छ. आठवड्याने ते चालत घरी गेले.

*

मी त्याच संध्याकाळी लिहून काढलं. सकाळी आठच्या खुणा. एक बाराची गाडी. सात चमचे. ओला आवाज. बटण मी दाबलं. खाली सही.

इन्चार्ज मॅडम म्हणाल्या, "वेडी आहेस का? स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतेस?"

"पाय माझाच आहे, मॅडम."

"आणि आमचे?"

मी एक प्रत ऑफिसात दिली. दुसरी बाईंच्या लेकीला. तिने ती उभ्यानेच वाचली. दोनदा. मी म्हणायला गेले, "ताई, मला माफ..."

"माफी मागू नका," ती म्हणाली. "मागितलीत की तुम्हाला बरं वाटेल. मला ते नकोय."

बरोबर बोलली.

चौकशी चालू आहे. म्हणजे कागद फिरतोय. राउंड आता तीनला असतो. बेड सपाट करा असं कोणी म्हणत नाही. आठ वाजता कोणी खुणा करत नाही.

नवीन मुली म्हणतात, हेडबाई राखण करतात. पेशंटना सांभाळतात.

मला नाही तसं वाटत. राखण करणारं माणूस असं खोकत नाही. त्यात माया नाही. राग आहे. आणि तो अजून संपलेला नाही.

कारण ठसका थांबलेला नाही. रोज येतो. एक वीसला. बेड चार रिकामा असला तरी. आम्ही हातातले चमचे खाली ठेवतो आणि उभ्या राहतो.

ठसका लागून गेला की माणूस काय करतं? घशात हवा ओढून घेतं. मोठा श्वास. तो ऐकला की घरच्यांच्या जिवात जीव येतो.

आम्हीही तोच ऐकायला थांबतो. रोज.

ठसका येतो. मग सगळं गप्प होतं...

आणि श्वास काही येत नाही.