पुढचा फोटो

उज्जैनला, देवास गेटच्या बस स्टँडसमोर आमचा फोटो स्टुडिओ. खाली कचोरीवाला, वर आम्ही. त्यामुळे चाळीस वर्षांत मी काढलेल्या सगळ्या पासपोर्ट फोटोंत माणसं थोडी भुकेली दिसतात. माझ्या गोष्टींत निम्मं तिखटमीठ माझं असतं, हे स्टँडवरचे कंडक्टरसुद्धा सांगतील. या गोष्टीत मी काही घातलेलं नाही. घातलं असतं तर तिचा शेवट तरी बरा केला असता.

२००५ साली आमचे जावई ओंकारराव इंदूरहून डिजिटल कॅमेरा घेऊन आले.

"बाबा, एका क्लिकमध्ये दोन फायली बनतील. एक रॉ, एक जेपीजी."

"एका नवऱ्याला दोन बायका कशाला?"

"रॉ म्हणजे शिधा समजा. डाळ-तांदूळ जसे मिळाले तसे, खड्यांसकट. जेपीजी म्हणजे वाढलेलं ताट. कॅमेराच निवडतो, शिजवतो, नको ते फेकून देतो. पण एकट्या जेपीजीवर काढलंत तर फेकलेलं परत मिळत नाही हं."

मी दोन्ही फायली शेजारी उघडून बघायला लागलो. रॉ उघडायला आमचा कॉम्प्युटर मिनिटभर घ्यायचा आणि मग फिक्कट, बेचव चित्र यायचं. जेपीजी झटपट आणि ताजी. पिवळ्या बल्बखाली बसवलेला माणूसही तीत उजळ निघायचा, गालावरचे खड्डे बुजलेले असायचे. गिऱ्हाईक खूश. मी रॉ फक्त जपून ठेवायचो.

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं काही कार्य असलं, की ग्रुप झाल्यावर आम्ही सहज म्हणतो, "आता एक एकट्यांचा." मागे साधी भिंत, मान सरळ, नजर समोर. का, ते कुणी विचारत नाही. आम्ही आपापसांत त्याला 'पुढचा' म्हणतो. वेळ आली की घरचे येतात, मोठा करून नेतात, हार घालतात.

यंदा फेब्रुवारीत बापू पुरंदऱ्यांचं सहस्रचंद्रदर्शन झालं. ऐंशी दिव्यांनी ओवाळलं, त्यांच्या मुलानं, अनिलनं, शाल घातली. मी बापूंचा पुढचा काढला. जेपीजीत बापू मिश्कील हसत होते. मग रॉ उघडली. तीच शाल, तीच घडी, शालीवर पडलेली तीच एक अक्षत. डोळे मिटलेले.

ओंकाररावांना फोन लावला.

"पापणी लवली असेल, बाबा."

"क्लिक एकच. एकीत लवली नि दुसरीत नाही?"

"सॉफ्टवेअरचा लोचा असेल. मी येऊन बघतो."

ते यायच्या आत, फोटो काढल्यापासून बाराव्या दिवशी, अनिल जिना चढून आला. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. "काका, तो बापूंचा एकट्यांचा काढला होता ना," एवढंच म्हणाला.

मी योगायोग म्हणून सोडून दिलं. लोचा म्हणजे लोचा.

मग विष्णू. नानाखेड्याच्या आमच्या कॉलनीत ऑटो चालवायचा, वय चाळीससुद्धा नसेल. परमिटसाठी फोटो हवा होता. "दादा, थोडा हीरो जैसा बनाना," म्हणाला. जेपीजीत खरंच हीरो दिसला. रॉ उघडताना माझा हात कशानं थांबला कोण जाणे, पण उघडली. डोळे मिटलेले. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा दोन्हींत एकाच रेषेवर.

काय सांगायचं त्याला? ऑटो चालवू नकोस? तो हसला असता, आणि स्टँडवर माझी आणखी एक गोष्ट वाढली असती. मी त्याला चहा पाजला, इतकंच. नवव्या दिवशी आगर रोडवर ट्रकनं त्याला उडवलं. त्याचा भाऊ परमिटचाच फोटो मोठा करायला आला.

त्यानंतर मी प्रत्येक रॉ बघायला लागलो. शेकडो बघितल्या. सगळ्यांचे डोळे उघडे. पण दर वेळी ते मिनिटभर मी श्वास धरून बसायचो.

पावसाळा सरता सरता आमच्या हिच्या, अहल्येच्या, हृदयाची झडप बदलायची ठरली. इंदूरला. डॉक्टर म्हणाले, वय आहे, बघू. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी ही जरीची साडी नेसून स्टुडिओत आली. जिना चढून चांगलीच धाप लागली होती.

"माझा एक काढा."

"कसला?"

"पुढचा. चाळीस वर्षं तुमच्या घरात आहे, मला काय शिकवता."

"आल्यावर काढू, गं."

"आल्यावर काढायला मी शिल्लक हवी. सगळ्या उज्जैनचे काढलेत, माझ्याच वेळी हात आखडता? आणि सुरकुत्या जरा कमी करा. भिंतीवर वर्षानुवर्षं राहायचंय मला."

ती स्टुलावर बसली. मी पाठ वळवून कॅमेऱ्याच्या मेनूत गेलो. रॉ बंद केली. नुसती जेपीजी. तीही सगळ्यात मऊ सेटिंगवर. तीनदा तपासलं. मला बघायचंच नव्हतं.

क्लिक केला.

डोळे उघडे. चेहरा तजेलदार, ओठांवर किंचित हसू. हनुवटीवरचा व्रणही गेला होता. लहानपणी रामघाटाच्या पायरीवर पडली होती, तेव्हाचा. मऊ सेटिंगनं पुसला असणार.

"तो घालवलात, बरं केलंत," ती म्हणाली.

ऑपरेशन सुखरूप झालं. डॉक्टरांनाही नवल वाटलं. सोळाव्या दिवशी मी तिला घरी आणलं. नानाखेड्याला सगळी कॉलनी बघायला आली. निहारिका, आमची लेक, म्हणाली, "आई, तू तर दहा वर्षांनी लहान दिसतेस." मी महाकालाला नारळ फोडून आलो.

पहिला आठवडा मला काही जाणवलं नाही. आनंदात कुठलं जाणवतंय.

मग एका संध्याकाळी ती स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती. आमच्या स्वयंपाकघरात पिवळा बल्ब आहे. भिंत पिवळी, परात पिवळी, माझे हात पिवळे. तिचा चेहरा मात्र पिवळा नव्हता.

मी जवळ गेलो. हनुवटी बघितली.

"व्रण कुठे गेला गं तुझा?"

"कसला व्रण?"

"रामघाटावर पडली होतीस. तुझ्या अण्णांनी कडेवर घेऊन पळत नेलं, पाच टाके पडले. अण्णा त्या दिवशी पहिल्यांदा रडले, असं तूच सांगतेस. शंभरदा सांगितलंयस."

"तुमचं आपलं काहीतरीच," ती म्हणाली. "तुम्ही गोष्टी फार रचता."

आणि फोटोतल्यासारखी किंचित हसली. तेवढंच. त्याहून कमी नाही, जास्त नाही.

अण्णांचं नाव मी पुन्हा काढून बघितलं. तिच्या लाडक्या भाच्याचं काढलं. आमच्या गेलेल्या थोरल्या मुलाचं काढलं, ज्याच्यासाठी ती दर श्रावणात एक दिवस जेवायची नाही. दर वेळी "कोण?" आणि तेच किंचित हसू. या श्रावणात ती जेवली होती का, ते आठवायला लागलो. जेवली नव्हती. तेव्हा फोटो काढलेला नव्हता.

परवा ओंकारराव म्हणाले, "बाबा, आईंचा तो फोटो फार सुंदर आलाय. रॉ द्या ना, मोठा करून आणतो."

"नाही काढली," मी म्हणालो.

"मग मूळ?"

"फेकलेलं परत मिळत नाही, तुम्हीच सांगितलं होतंत," मी म्हणालो.

तिची तब्येत उत्तम आहे. जिना एका दमात चढते. रोज दुपारी जेवण झालं की तासभर झोपते. मी शेजारी खुर्ची टाकून बसतो.

झोपेत तिचे डोळे उघडे असतात.