लाल रेषेतला गुंता

नांगर आणायचा होता. मोहीम म्हणावी तर एवढीच. दूरच्या ओसाड बेटामागे खडकांनी वेढलेली एक खोबण होती. गेल्या मोसमात घाईरावांचा नांगर तिथे कपारीत अडकला. निघता निघेना, म्हणून त्यांनी दोर कापला, टोकाला तरंगणारा पिवळा बोया बांधला आणि घरी येऊन जाहीर केलं, "पुढच्या खेपेला आणू." पुढची खेप आलीच नाही. जेवून हात धुवायला उठले आणि बेसिनपाशीच कोसळले. जन्मभर सगळ्यांना 'चला, चला' करणारा माणूस, जातानाही रांग मोडून गेला.

नांगर त्यांच्या वडिलांनी स्वतःच्या भट्टीत घडवलेला. तो समुद्राच्या तळाशी गंजत पडावा हे त्यांच्या थोरल्या बहिणीला, ताईंना, सहन होईना. ताई दातांच्या डॉक्टर. घट्ट रुतलेलं उपटून काढणं हा त्यांचा धंदाच. घाईरावांची बायको शिडं शिवायची. तिच्यात सहन होण्या-न होण्यासारखं काही उरलं नव्हतं. कुणी सांत्वनाला आलं की ती चहा टाकायची. डोळ्यांत टिपूस नाही. लोक म्हणाले, खंबीर आहे. खंबीर कसली, पार बधिर झाली होती.

"तुमच्या इंजेक्शनसारखं झालंय, ताई," ती एकदा म्हणाली होती. "टोचलेलं कळतं. दुखत नाही."

"उतरतं ते," ताई म्हणाल्या. "उतरताना मात्र पेशंट शिव्या घालतात."

निघण्याआधी दोघी नौकांच्या सामानाच्या दुकानात गेल्या. होडीवरच्या जुन्या जीपीएसला नवं नकाशाचं कार्ड हवं होतं. दुकानदाराने दोन कार्डं समोर ठेवली.

"हे साधं. कागदी नकाशाचा जसाच्या तसा फोटो. आणि हे थरांचं. खोली, खडक, वाळू, सगळं वेगवेगळं भरलेलं. पण त्याला एक खोड आहे. चित्र लांबून पाहिलं की बारीक खडक गाळून टाकतं. म्हणून जवळ आणून बघायचं आणि मगच पुढे सरकायचं."

"बेटामागची जागा कशात आहे?" ताईंनी विचारलं.

"फोटोत तिथे कोरं आहे. त्या काळी कुणी मोजलंच नव्हतं. थरांच्या नकाशात आहे. आकडे मात्र पूर्ण ओहोटीचे, म्हणजे कमीत कमी पाण्याचे."

ताईंनी थरांचं उचललं. ती हळूच म्हणाली, "जुन्या कार्डावर त्यांची रेषा आहे."

घाईराव शेवटच्या सफरीत ज्या वाटेने गेले, तिची लाल रेषा यंत्राने आखून ठेवली होती.

"तुमच्या यंत्रात रेषा कार्डावरच राहते," दुकानदार म्हणाला. "आणि खाच एकच. एक काढायचं, तेव्हा दुसरं बसणार."

"नवंच लावायचं," ताई म्हणाल्या. "कळलं ना?"

तिने मान हलवली. मान हलवायला काय लागतं?

उजाडताच शीड चढलं. ती सुकाणूवर, ताई दोरांवर. वारा बाजूने, पाणी शांत, होडी शहाण्या पोरीसारखी चालली होती. दुपारी बेट वर आलं: आधी एक करडा डाग, मग त्याला खांदे फुटले, मग पक्ष्यांच्या विष्ठेने पांढरे झालेले कडे आणि त्यांच्या पायाशी फुटणाऱ्या लाटा वेगळ्या दिसू लागल्या. ताई बघायला पुढच्या टोकावर जाऊन उभ्या राहिल्या.

त्यांची पाठ वळताच तिने नवं कार्ड काढलं आणि खिशातलं जुनं आत सरकवलं. पडदा काळा झाला. मग रेषा उमटली. खालचा नकाशा कोरा, पण रेषा ठसठशीत. बाजारात ते असेच पुढे सुटायचे आणि ती पिशव्या सांभाळत मागून जायची. ती रेषेमागून निघाली. समुद्राकडे तिने पाहिलंच नाही.

खोबणीच्या तोंडाबाहेर रेषेचा गुंता झाला होता. गोल, गोल, पुन्हा गोल. मासे धरत बसले असतील, तिला वाटलं. शिवणाऱ्या बाईला गुंता दिसला की तो कापून पुढे जायची सवय. तिने तो कापला आणि सरळ आत शिरली.

"पाण्याचा रंग बदललाय!" ताई ओरडल्या. "खाली तपकिरी दिसतंय. वळव!"

"रेषा सरळच जाते, ताई."

"कुठली रेषा?"

धाड! होडी जागीच थबकली. ताई आडव्या झाल्या. सुकाणूचा दांडा तिच्या हातातून उसळला. लाटेने होडी उचलली, पुन्हा आपटली. खाली काहीतरी करकरलं. चिरलं!

शीड खाली आलं. ताई गुडघ्यांवर मागे आल्या, पडदा पाहिला. रागावल्या नाहीत. ते जास्त वाईट होतं.

"नवं लाव," एवढंच म्हणाल्या.

तिने कार्ड बदललं. लाल रेषा गेली. चित्र जवळ आणलं, आणखी जवळ, आणि खडक एकेक करून वर आले. डावीकडे, उजवीकडे, नाकासमोर. आकडे वितीएवढ्या पाण्याचे. फक्त मागे, उजव्या हाताला, खोल पाण्याची एक चिंचोळी पट्टी. ओहोटी संपत आली होती. भरती उचलेल. तोवर लाटांनी होडी पुढे ढकलली तर तळ फुटेल!

जवळचा छोटा नांगर तिने त्या पट्टीच्या दिशेने भिरकावला. दोघींनी दोर ताणून बांधला. पाणी चढेल तसा पुन्हा ताणला. ताईंनी एक पाय कठड्याला लावला आणि अक्कलदाढ काढावी तशा मागे झुकल्या. हात सोलले. वारा वाढला. तळ घासला, सुटला, घासला. आणि एका लाटेने होडी अलगद मागे सरकली. सुटली!

आता पाणी भरपूर होतं. खडकांपलीकडे पिवळा बोया स्पष्ट डोलत होता.

"जायचं?" ताईंनी विचारलं. त्यांच्या वडिलांचा नांगर होता तो.

तिने सुकाणूची चिरलेली फळी पाहिली. वारा सरळ खोबणीत शिरत होता. आत जाणं जमलं असतं, बाहेर येणं नाही.

"नाही," ती म्हणाली. "राहू दे."

ताईंनी बोयाकडे थोडा वेळ पाहिलं आणि तोंड फिरवलं.

शिडाच्या जाड दोऱ्याने ती फळी आवळू लागली. तोवर ताई वल्ही मारत होडी तोंडाबाहेर, खोल पाण्यात, वेटोळी घेत फिरवत राहिल्या. गाठ मारून तिने मान वर केली. पडद्यावर नवी लाल रेषा उमटत होती. गोल, गोल, पुन्हा गोल.

"ताई, ते मासे धरत नव्हते."

"कोण?"

"हे. इथे थांबले होते. पाणी चढेपर्यंत."

"तो?" ताईंना पटेना. "दूध तापेपर्यंत थांबायचा नाही तो."

"थांबले होते. हे बघा." तिने पडद्यावर बोट ठेवलं. "समुद्रासाठी थांबता आलं त्यांना. मला साधी हाक मारण्यापुरतंही थांबले नाहीत, ताई. मी स्वयंपाकघरातच होते. चार पावलांवर होते हो मी." ती घाईरावांना एक शिवी हासडून मोकळी झाली, जन्मात पहिल्यांदा, आणि मग तिला रडू फुटलं. दुखलं. सगळीकडे दुखलं.

ताईंनी वल्ही सोडली नाहीत. "रड," त्या म्हणाल्या. "सावकाश रड. घाई नाही."

आणि घराकडे वळण्याआधी त्यांनी होडीची आणखी एक फेरी घेतली.