आपलं डावं

सकाळी सात वाजता मी जीपला कुलूप लावून चहा घ्यायला गेले आणि परत येऊन बघते तर एक अनोळखी माणूस माझ्या पुढच्या चाकापाशी उकिडवा बसलेला. टायरवर बोटाने टिचक्या मारत, कान लावून ऐकत. काय हवंय म्हणून विचारलं, तर हात झटकत उठला.

"सवय हो. वाजवून बघितल्याशिवाय आत काय चाललंय ते कळत नाही."

तो दातांचा डॉक्टर निघाला. त्याची गाडी गॅरेजात पडली होती, म्हणून आडवाटांवर गाड्या घालणाऱ्या आमच्या ग्रुपच्या म्होरक्याने, म्हणजे मामांनी, त्याला पायी कामाला जुंपलं होतं. आणि कुणाच्या वाट्याला? तर माझ्या. आज तो माझा स्पॉटर. म्हणजे गाडीच्या पुढे चालायचं आणि कुठलं चाक कुठे टाकायचं ते ड्रायव्हरला सांगायचं. मामा कुणाचेच सख्खे मामा नव्हते, पण चौदा गाड्यांचं ते लटांबर त्यांच्या एका शिट्टीवर चालायचं. तेव्हा माझं काही ऐकून घेतलं जाणार नव्हतं.

एरवी मी हसून घेतलं असतं. पण आज मला गंमत परवडणारी नव्हती. जीप बाबांची. माझ्या दहावीच्या आधीपासून घरात असलेली. बाबांचे गुडघे गेले, क्लच दाबवेना, आणि दाजींनी तत्परतेने गिऱ्हाईक शोधलं. ते सोमवारी येणार होतं. मी आठवडाभर डोकं खाल्ल्यावर बाबा म्हणाले, ठीक आहे. रविवारचे पाचही अडथळे पार कर आणि गाडी घरी आण. कुणी दोर लावून ओढली नाही, तर तुझी. दोर लागला, तर सोमवारी किल्ली त्या माणसाच्या हातात. ज्याला आपली गाडी स्वतः बाहेर काढता येत नाही त्याने ती बाळगू नये, असं त्यांचं म्हणणं. आणि मला जमणार नाही, हेही त्यांचंच म्हणणं… पण ते त्यांनी बोलून दाखवलं नव्हतं.

पहिला अडथळा ओंडक्यांचा. मी जीव मुठीत धरून एकेक चाक चढवतेय आणि समोर डॉक्टर उभा, एका पायाची पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, दुसऱ्याची नुसती घोट्यापर्यंत.

"आपण आता जरा उजवीकडे घेता का… अगदी थोडंच… अजिबात दुखणार नाही."

हे वाक्य संपेपर्यंत चाक ओंडक्यावरून उतरलंही होतं. मी काच खाली करून सांगितलं, छोटं बोला. तो म्हणाला, पेशंट घाबरू नये म्हणून लांबण लावायची सवय आहे. मी घाबरलेले नाही, असं मी म्हटलं, तर शांतपणे म्हणाला, "पेशंटही हेच म्हणतात."

वाळू पार झाली. ओढाही पार झाला. ओढ्यात तो पुढे पुढे उलटा चालत होता, पाण्याचा अंदाज घेत, एक हात माझ्या बॉनेटवर ठेवून. पाणी थंडगार असणार, पण चेहऱ्यावर सुरकुती नाही. मध्येच त्याने वर बघितलं… मीही बघत होते… आणि मी उगाच वायपर चालू केला. पाऊस नव्हता. त्याने तेही पाहिलं. मला स्वतःचाच इतका राग आला की पुढची दहा मिनिटं मी त्याच्याशी धड बोलले नाही.

चौथा अडथळा चरांचा. दोन्ही बाजूंना कमरेइतके खोल चर, मध्ये गाडीपुरती वाट आणि तीही चिखलाची. डॉक्टर समोर उभा राहिला आणि त्याने माझा हुकूम पाळून छोटं वाक्य टाकलं.

"आपलं डावं घ्या."

मी घेतलं.

"थांब!"

तोवर उशीर झाला होता. मागचं चाक घसरलं, जीप पोटावर बसली आणि पुढचं एक चाक हवेत गरागरा फिरत राहिलं. मी इंजिन बंद केलं. उतरले, पाय घोट्यापर्यंत चिखलात गेला, आणि माझा सकाळपासूनचा संयम तिथेच संपला.

आपलं म्हणजे कुणाचं, मी विचारलं. तो म्हणाला, आपलं म्हणजे… आपलं. तुमचं.

"मग तुमचं म्हणा ना. आपलं म्हणजे तुमचं, का आपलं म्हणजे माझं, का आपलं आपलं असंच काहीतरी बोलायचं म्हणून?"

आणि तेवढ्यात मामा दोर घेऊन हजर. जाड, पिवळा, बाबांच्या भाषेत आळशी माणसाचा दोर. दोन मिनिटांचं काम आहे, मामा म्हणाले, बाबांना कोण सांगायला जातंय? मी म्हटलं, मी. ते हसले. मी हसले नाही. मी मागून जॅक काढायला गेले. मामांना सगळी हकिकत ठाऊक होती. डॉक्टरला नव्हती. त्याने मामांना बाजूला नेऊन विचारली असावी, कारण परत आला तेव्हा त्याने बाह्या वर केल्या होत्या आणि मामांनी घड्याळ बघून अर्धा तास दिला होता. बाकीच्या गाड्या बाजूच्या वाटेने पुढे गेल्या.

मी जॅकखाली सपाट दगड ठेवला आणि चाक उचलायला लागले. तो गाडीखाली आडवा झाला. पाच मिनिटांनी वाकून बघते, तर हा माणूस बोटभर खिळ्याने चेसिसजवळची माती खरवडत होता.

"फावडं आहे," मी म्हटलं.

"मुळापाशी हलक्या हातानेच जावं लागतं."

"डॉक्टर, ती जीप आहे. तिला भूल दिलेली नाही. फावडं घ्या."

त्याने फावडं घेतलं. दोघं दगड भरत राहिलो, एक तो, एक मी. माझा राग ओसरत नव्हता, पण हात चालत होते आणि हात चालत असले की डोकं चालतं. मी त्याला सांगितलं की मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. दिवसभर माणसं समोर बसलेली. त्यांचा डावा डोळा माझ्या उजव्या हाताला. त्यामुळे समोरच्या माणसाने डावं म्हटलं की माझे हात आपोआप उजवीकडे जातात.

त्याचं फावडं थांबलं.

"माझंही तेच," तो म्हणाला. "पेशंटचा डावा दात म्हणजे पेशंटचाच डावा. मी समोर उभा असलो तरी मी माझं डावं कधी म्हणतच नाही. तुमचंच म्हणालो होतो."

म्हणजे त्याने माझ्यासाठी उलटं केलं होतं आणि मी त्याच्यासाठी पुन्हा उलटं केलं होतं. दोघांनीही समोरच्याचा विचार केला आणि गाडी खड्ड्यात घातली. मी कपाळाला हात लावला. हात चिखलाचा होता. तो इतका हसला की त्याला फावड्यावर रेलावं लागलं, आणि मग मलाही हसू आवरेना. आत्तापर्यंत गाडीत, घरात, दुकानात सगळे मला स्वतःचं डावं सांगत आले होते. माझं डावं आधी धरणारा हा पहिलाच. असा माणूस भेटावा, तर तो नेमका याच चरापाशी.

"मघाशी तुम्ही मला 'थांब' म्हणालात," मी म्हटलं.

"आणीबाणी होती."

"मग परत 'तुमचं' कशाला?"

"आणीबाणी संपली म्हणून."

"संपलेली नाही," मी म्हटलं आणि घाईने जॅक खाली घेतला, कारण कान तापले होते.

बाविसाव्या मिनिटाला जीप स्वतःच्या चाकांवर बाहेर आली. मामांनी दोर गुंडाळून आपल्या डिकीत टाकला आणि ते पुढे निघाले.

पाचवा अडथळा दगडांच्या चढाचा. वर चढताना समोर फक्त आभाळ दिसतं, चाकं कुठे आहेत ते कळत नाही. डावं-उजवं आम्ही रद्द केलं होतं. ज्या बाजूला वळायचं त्या बाजूला त्याने उभं राहायचं, एवढंच ठरलं.

"माझ्याकडे…" तो म्हणाला. दगड सरकला, गाडी कलली, माझा पाय ब्रेकवर गेला. "अजून माझ्याकडे. मी आहे इथे. ये."

मी गेले. पहिलं चाक माथ्यावर टेकलं, मग दुसरं, आणि आभाळाच्या जागी पलीकडचा रस्ता दिसला.

माथ्यावरूनच बाबांना फोन लावला. त्यांनी कशी आहेस वगैरे काही विचारलं नाही. दोर लागला का, एवढंच विचारलं. मी म्हटलं, नाही. चरात बसली होती, पण दगड भरून काढली.

"मग सोमवारी येणाऱ्या माणसाला मी काय सांगू?"

"सांगा, गाडी आपलीच राहणार आहे."

"बरं," ते म्हणाले. त्यांचा आवाज जरा ओला झाला होता, पण त्यांनी सर्दीवर ढकललं.

परतताना मामांच्या गाडीत जागा उरली नव्हती. निदान मामांनी तरी तसं सांगितलं. मागची सीट मला स्पष्ट रिकामी दिसत होती. डॉक्टर माझ्या शेजारी येऊन बसला, सीटला चिखल लागू नये म्हणून खाली वर्तमानपत्र पसरून. त्या सीटवर चिखल लागायला जागा तरी उरली होती का? मला तो आवडला होता. लांबणीसकट, खिळ्यासकट, त्या दोन वेगवेगळ्या दुमडलेल्या पायांसकट. आणि आता पाऊण तासात तो उतरून जाणार होता, याचीच मला चिडचिड होत होती.

शहराच्या तोंडाशी रस्ता फुटतो. आमचं घर डावीकडे, त्याचं उजवीकडे, हे दोघांचंही एकमेकांना सांगून झालं होतं. मी वेग कमी केला.

"डावीकडे घे," तो म्हणाला.

"कुणाच्या?" सवयीने माझ्या तोंडून गेलं.

त्याने खालचं वर्तमानपत्र सरळ केलं.

"आता शेजारी बसलोय ना. आता आपलं डावं एकच आहे."

मी म्हटलं, तुझं घर तर उजवीकडे आहे.

"हो. पण दोर लागला नाही, हे बाबांना पटवायला साक्षीदार नको का?"

"त्यांना पटलंय."

"मग… दुसरं काहीतरी पटवतो."

मागच्या गाडीने हॉर्न दिला. मग आणखी एकदा, जरा लांब. मी डावीकडचा इंडिकेटर दिला.