सामाईक फाइल्सची जागा

“राजीनामा मी देणार नाही,” कोप्पीकर रोडवरच्या कचेरीत शिरताच वेदश्री म्हणाली. “फाइल्स मी पुसलेल्या नाहीत.”

खासगी तपासनीस योगिताने तिला खुर्ची दिली. तिचा मदतनीस उमेश चहा सांगून आला.

वेदश्री गोकुळ रोडवरच्या एका कंपनीत मेनफ्रेम, म्हणजे मोठा मध्यवर्ती संगणक, सांभाळत असे. त्यावर तीन सिस्टिम चालत. महाविद्यालयांच्या निकालांच्या फाइल्स तिन्ही सिस्टिमना सामाईक होत्या. रविवारी सिस्टिमची नवी आवृत्ती बसली आणि सोमवारी फाइल्स गायब. व्यवस्थापक साकेतने सगळ्यांसमोर तिचं नाव घेतलं, तिचा पासवर्ड बंद केला. पुरावा काय, ते सांगेना.

नवी आवृत्ती बसवणाऱ्या महेशला योगिताने आधी गाठलं. पुसण्याची आज्ञा कुणीच दिली नव्हती, असं तो म्हणाला.

“सिस्टिम स्वतः जिच्यावर असते ती जुनी सिस्टिम डिस्क काढली, नवी जोडली. जुनी राखून ठेवतो, अक्का. नवीन बिघडली तर?”

मग ती साकेतला भेटली. तो नुकताच पुण्याहून आलेला. शुक्रवारी त्याने वेदश्रीला बंगळूरच्या सहकारी कुसुमशी फोनवर बोलताना ऐकलं होतं.

“फाइल्स, सिस्टिम डिस्क, आणि ‘मेले’. तिला आधीच कसं कळलं?” तो म्हणाला.

“‘मेले’च?”

“अगदी स्वच्छ.”

फाइल्स वेगळ्या डिस्कवर का ठेवल्या नाहीत, असं विचारल्यावर तो वैतागला. सिस्टिम डिस्क तिन्ही सिस्टिम वाचतात, मग वेगळी कशाला? वेदश्रीचा हट्ट मोडून त्यानेच कुसुमला तिथे फाइल्स ठेवायला लावलं होतं.

“अक्का, पोरगी अडकली,” बाहेर येताच उमेश म्हणाला.

“धारवाडचा असून असं म्हणतोस?”

संध्याकाळी योगिताने वेदश्री, साकेत आणि महेश यांना एकत्र बसवलं.

“फाइल स्त्रीलिंगी, डिस्कही. मराठीत ही ‘मेल्या’ म्हणाली असती, नाहीतर ‘मेली’. ‘मेले’ कानडी आहे, साकेत सर. अर्थ ‘वर’. वेदश्री, काय म्हणाली होतीस?”

“‘सिस्टिम डिस्क मेले बेडा.’ सिस्टिम डिस्कवर नको.”

महेशने हसू दाबलं.

“तिन्ही सिस्टिमना दिसते एवढ्यावर जागा योग्य ठरत नाही,” योगिता म्हणाली. “आवृत्ती बदलली की ती डिस्कच बदलते. फाइल्स पुसल्या गेल्याच नाहीत. जुन्या डिस्कबरोबर बाजूला पडल्या.”

महेशने जुनी डिस्क जोडली. पडद्यावर निकालांच्या फाइल्स एकेक करून उमटल्या.

साकेतने आवाज खाली आणला. “हे आपल्यातच ठेवू.”

“नाही सर,” वेदश्री म्हणाली. “माझं नाव सगळ्यांसमोर घेतलंत. आता स्वतःचं घ्या. मी वेगळी डिस्क तयार करते, तोवर लोकांना बोलवा.”